माल काय, किंमत किती?

आम्ही डोंबिवलीकर. बॅलार्ड इस्टेटच्या कस्टम हाऊसमध्ये क्लिअरिंग एजंटचा कारकून म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. काखेत फाइल घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर. फाइलमध्ये बिल ऑफ एंट्री, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट. अप्रेझर दोन गोष्टी पाहायचा: माल नेमका काय आणि लिहिलेली किंमत खरी का? त्यावरून ड्युटी ठरायची. ती भरली, गोदीत तपासणी झाली, की ‘आउट ऑफ चार्ज’. तोवर पेटी गेटबाहेर नाही.

सोसायटीत अजून विचारतात, ‘काका, कस्टम म्हणजे मुलुंड चेकनाक्यावरचं ना?’ अहो, तिथली जकात महापालिकेची, शहरात येणाऱ्या मालावरची. मुंबईत ती १ जुलै २०१७ला जीएसटी आल्यावर बंद झाली. कस्टम्स केंद्र सरकारचं, १९६२च्या सीमाशुल्क कायद्यानं चालणारं. आयातीवरचं मूळ सीमाशुल्क जीएसटीनंतरही आहेच. शिवाय आयात मालावरचा आयजीएसटीही कस्टम्सच घेतं.

बंदरावरचा पहारा मात्र इंग्रजांच्या फार आधीचा. आपलं कल्याण तेव्हा बंदर होतं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात नोंद आहे, की सत्ता बदलल्यावर कल्याणला आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेत.

आणि शुल्क फक्त खजिन्यासाठी नसतं. १६७१मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवायला लिहिलं. बारदेश पोर्तुगीजांकडे, तिथलं स्वस्त मीठ आलं असतं तर संगमेश्वरचं मीठ पडून राहिलं असतं. आज सरकार देशी उद्योगासाठी आयात शुल्क वाढवतं, त्यामागचा हिशेब हाच.

आता टेबलं गेली. २०११पासून ड्युटीचा हिशेब आधी आयातदारानंच मांडायचा. २०२०पासून ‘फेसलेस’ पद्धत आली. न्हावाशेवाला उतरलेल्या मालाचे कागद चेन्नईचा अधिकारीही तपासू शकतो. संशय आला तर कंटेनर मात्र बंदरातच उघडतात.

परदेशातून येणाऱ्या भाचरांना मी एवढंच बजावतो: सोनं किंवा महागडी वस्तू सवलतीत बसते की नाही, अशी शंका आली तर विमानतळावर सरळ रेड चॅनलला जा. ड्युटी भरून सुटाल. ग्रीन चॅनलमधून निघालात आणि बॅगेत माल सापडला, तर दंड होतो, जप्तीही होते.