ईम गावचे गाठोडे

ऑगस्ट महिन्यात आपल्याकडे श्रावणसरी कोसळत असतात, तेव्हा इंग्लंडात उन्हाळा असतो. उन्हाळा म्हणजे आपल्या वैशाखासारखा नव्हे बरे का! कोवळे ऊन, हिरवी कुरणे आणि संध्याकाळी आठपर्यंत उजेड. अशा एका दिवशी तुम्ही डर्बीशायर परगण्यातील ईम या डोंगरी खेड्यात आला आहात अशी कल्पना करा. दगडी घरे, दारात गुलाब, चर्चच्या आवारात हजार वर्षांहून जुना कोरीव क्रूस. विहिरींपाशी ओल्या मातीच्या फळ्यांवर फुलांच्या पाकळ्या दाबून काढलेली चित्रे उभी आहेत. आपल्या रांगोळीचीच आठवण होते!

आता चर्चशेजारच्या घरांवरील पाट्या वाचा. त्या त्या घरात प्लेगने मेलेल्या माणसांची ती नावे आहेत.

१६६५ साली लंडनमध्ये प्लेगची मोठी साथ होती. तिथून ईमच्या शिंप्याकडे कापडाचे गाठोडे आले. शिंप्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स याने ते सोडले. कापड दमट निघाले, म्हणून त्याने ते शेकोटीपुढे वाळत घातले, अशी हकीकत सांगतात. ७ सप्टेंबरला त्याला पुरले. गाठोड्यातून पिसवा आल्या असाव्यात.

हे आज आपण म्हणू शकतो. प्लेगचा जंतू येर्सिनला हाँगकाँगमध्ये सापडला तो १८९४ साली. आणि उंदरावरील पिसवा तो पसरवतात हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली दाखवले, तेही तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील कराचीत. पिसवेच्या पोटात हे जंतू इतके माजतात की तिच्या अन्नमार्गाचे तोंडच बुजते. मग ती भुकेने पुन्हापुन्हा चावते आणि प्यालेले रक्त जंतूंसह जखमेत ओकते. उंदीर मरून थंड पडला की पिसवा दुसरे ऊबदार अंग शोधतात. आपल्याकडे ‘उंदीर पडू लागले’ की लोक घरे सोडून रानात झोपड्या घालून राहत, ते उगाच नव्हे.

ईमच्या लोकांना यातले काही ठाऊक नव्हते. थंडीत साथ ओसरली, पण ऊन तापू लागताच पुन्हा भडकली. जून १६६६ मध्ये गावचे धर्मोपदेशक विल्यम माँपेसन आणि पदावरून दूर झालेले त्यांचे पूर्वीचे उपदेशक टॉमस स्टॅन्ली एकत्र आले. या दोघांचे धर्ममत जुळत नव्हते, तरी त्यांनी गावाला एका गोष्टीवर राजी केले : कोणीही शीव ओलांडायची नाही. शिवेवरच्या दगडाला भोके आहेत, त्यांत बोट घालून पाहा. गावकरी त्यांत व्हिनेगर भरून नाणी ठेवीत आणि शेजारचे लोक अन्न ठेवून ती नेत. चर्चला कुलूप लागले. प्रार्थना एका दरीत, उघड्यावर होऊ लागली.

हे शहाणपणाचे होते का? उंदरांना शीव कोण शिकवणार! कोंडून घेतल्याने गावातले मृत्यू वाढले, असे पुष्कळांनी म्हटले आहे. पण २०१६ साली संशोधकांनी चर्चच्या नोंदींतील तारखा घेऊन गणित मांडले, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. सुमारे तीन चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला झाली असावी, आणि तीही बरीचशी एकाच घरात. तसे असेल, तर शीव बंद करणे आणि उघड्यावर जमणे या दोन्ही गोष्टी योग्यच होत्या. एका छपराखाली आजाऱ्याची शुश्रूषा करणे मात्र घातक ठरले. पण आईला ते कसे सांगायचे?

नोव्हेंबर १६६६ पर्यंत सुमारे २६० माणसे गेली. माँपेसनची पत्नी कॅथरिन २५ ऑगस्टला वारली. आजूबाजूच्या गावांत साथ पसरली नाही.

परतण्यापूर्वी टेकडीवरील रायली शेताकडे जा. आपल्या घरचे प्रेत आपणच पुरायचे, असा नियम होता. त्या ऑगस्टमध्ये एलिझाबेथ हँकॉक या बाईने नवरा आणि सहा मुले आठ दिवसांत गमावली. सातही खड्डे तिने स्वतः खणले. ती वाचली. शेताच्या मधोमध गोल दगडी कुंपणात ते स्मारकदगड आहेत, आणि भोवती उन्हाळ्याचे उंच गवत.