सुरांचे सोवळे

ख्रिस्ती उपासनेतील संगीत निर्मळ असावे, या आग्रहाबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. देवापुढे गाताना स्वतःच्या गळ्याचा विसर पडावा, ही अपेक्षा आपल्या भजनी मंडळींचीही असते. प्रश्न आहे तो हे सोवळे कोणी आणि कशावरून ठरवावे, हा.

गोमंतकाचा इतिहास या बाबतीत मोठा बोलका आहे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत गुंफली. १६१६ साली राशोल येथे छापलेले ते ‘क्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. ज्या ओवीला तेव्हा ख्रिस्तचरित्र सांगण्याचा मान मिळाला, तीच ओवी १७३६ साली इन्क्विझिशनच्या फर्मानाने ख्रिस्त्यांच्या लग्नघरांतून हद्दपार झाली. मधल्या एकशेवीस वर्षांत ओवी बाटली नव्हती; तिच्याकडे पाहणाऱ्यांची नजर संशयी झाली होती. बाटलेल्यांना पूर्वजांची आठवणही राहू नये, हा त्या संशयाचा खरा अर्थ.

पुढे पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ च्या आदेशाने ऑपेराच्या थाटाचे गायन उपासनेतून दूर केले आणि ग्रेगोरियन गायन आदर्श ठरविले. येथवर कोणीही विवेकी रसिक त्यांच्याच बाजूने उभा राहील. परंतु त्याच आदेशाने पियानो आणि ढोल वर्ज्य केले. त्या कसोटीने, गणपतीच्या आरतीत आणि मांड्यात सारखेच रमणारे आपले घुमटही दारातच राहिले असते. गायकवृंदातून तर स्त्रियाच वगळल्या गेल्या! पावित्र्याची रेषा अखेर स्त्रीच्या आवाजापाशी यावी, हे केवळ रोममध्येच घडले असे नव्हे. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ज्या कलावंत समाजातून आल्या, त्या समाजातील स्त्रियांची गायनसेवा आपल्या देवस्थानांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतली. प्रतिष्ठा देताना मात्र हात आखडता घेतला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी मिशनप्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावे, असे मान्य केले. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक त्यापूर्वी चव्वेचाळीस वर्षे निवर्तले होते. वारकऱ्यांचा अभंग त्यांनी ख्रिस्तचरणी वाहिला आणि मराठी चर्चमधून तो आजही गायिला जातो. टिळक प्रॉटेस्टंट, रोमच्या अनुमतीची त्यांना गरज नव्हती. तुकोबांचा अभंग देवघरात नेताना आणखी कोणाची अनुमती घ्यावी, असेही त्यांना वाटले नाही.