पाळीव हंसाची हाडे

मराठी वाचकाला हंस प्रथम भेटतो तो कथा-काव्यांतून. हा हंस दूध आणि पाणी वेगळे करतो, मानस सरोवरात विहार करतो, नळाचा निरोप घेऊन दमयंतीकडे जातो. प्रत्यक्ष जीवनातला हंस त्याहून बराच वेगळा आहे. तो गवत खातो, अनोळखी माणूस दिसताच मान लांब करून फुत्कारतो आणि प्रसंगी त्याच्या पोटरीचा कडकडून चावाही घेतो. आसाम आणि बंगालमधील अनेक घरांच्या तळ्यांवर असे हंस पाळलेले दिसतात. इतरत्रही अंगणाची राखण करण्यासाठी हौसेने ते ठेवले जातात.

येथे एका शब्दाविषयी खुलासा करणे आवश्यक आहे. लांब, डौलदार मानेचा शुभ्र पाणपक्षी आणि गवतावर चरणारा, जाड मानेचा, बळकट पायांचा पक्षी या दोघांनाही मराठीत हंसच म्हटले जाते. वस्तुतः हे दोन वेगळे पक्षी आहेत. येथे ज्याच्याविषयी माहिती घ्यायची आहे तो दुसरा, म्हणजे माणसाने माणसाळवलेला हंस होय. युरोपातील पाळीव हंस करड्या रंगाच्या कलहंसापासून निर्माण झाले. चीनमधील पाळीव हंसांचा पूर्वज निराळा असून त्याच्या वंशजांच्या कपाळावर चोचीच्या मुळाशी एक ठसठशीत उंचवटा असतो. हिवाळ्यात उजनी आणि जायकवाडीच्या जलाशयांवर हिमालयापलीकडून येणारा पट्टकादंब हा या दोघांचाही जवळचा नातलग आहे. हा नातलग हिमालय ओलांडतो. अंगणातल्या जड हंसाला मात्र कुंपण ओलांडणेही कठीण जाते. दोघांच्या सांगाड्याची मूळ रचना सारखीच आहे. फरक पडला आहे तो वजनात आणि वाढीच्या वेगात.

हाड म्हणजे शरीरातील एखादा निर्जीव, चुनखडीसारखा पदार्थ, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. हाड हा जिवंत अवयव आहे. तो घडतो, झिजतो, पुन्हा घडतो, आणि गरज पडल्यास आपल्यातील साठा शरीराला काढून देतो. हंसाच्या बाबतीत ही घडण अंड्यातच सुरू होते. मादी सुमारे एक महिना अंडी उबवते. या काळात गर्भाचा सांगाडा आधी मऊ कूर्चेचा बनतो आणि मग हळूहळू त्या कूर्चेच्या जागी हाड येते. हाडाच्या कठीणपणासाठी लागणारे कॅल्शियम बहुतांशी अंड्याच्या कवचातूनच मिळते. कवचाच्या आतल्या बाजूला लागून असलेल्या पातळ पडद्यातील रक्तवाहिन्या कवचातील चुना थोडा थोडा विरघळवून गर्भाकडे नेतात. त्यामुळे एकीकडे पिल्लाची हाडे कठीण होतात आणि दुसरीकडे कवच पातळ होत जाते. बाहेर पडण्याची वेळ येते तेव्हा चोचीने फोडता येईल इतके ते नाजूक झालेले असते.

अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू साधारण १०० ग्रॅम वजनाचे असते. चिमणीचे पिल्लू कित्येक दिवस घरट्यात असहाय पडून असते. हंसाचे पिल्लू मात्र अंग वाळताच उभे राहते आणि एक-दोन दिवसांत आईच्या मागे पाण्यात उतरते. हे शक्य होते ते पायांच्या हाडांमुळे. जन्माच्या वेळी या हाडांचे मधले दांडे कठीण झालेले असतात, फक्त टोकांशी कूर्चा शिल्लक असते. पंख मात्र तेव्हा बोटाच्या पेराएवढे, मऊ लवेने झाकलेले ठोंब असतात.

यापुढची वाढ थक्क करणारी आहे. एम्डेनसारख्या मोठ्या जातीचे पिल्लू चांगले खाद्य मिळाल्यास आठ ते दहा आठवड्यांत चार-साडेचार किलोपर्यंत पोहोचते. म्हणजे अडीच महिन्यांच्या आत वजन चाळीसपटीहून अधिक वाढते. तीन किलोचे मानवी बालक या वेगाने वाढले असते तर तेवढ्याच काळात १२० किलोचे झाले असते. इतके ओझे वाहणाऱ्या सांगाड्याला त्याच वेगाने वाढावे लागते. हाडाची लांबी वाढते ती टोकांशी असलेल्या कूर्चेच्या थरात. तेथे नव्या पेशी सतत तयार होतात, जुन्या पेशींभोवती कॅल्शियम आणि फॉस्फरसचे क्षार साठतात, रक्तवाहिन्या आत शिरतात आणि कूर्चेचे हाड होते. जाडी वाढते ती हाडाभोवतीच्या पातळ आवरणामुळे. बाहेरून नवा थर चढतो आणि आतून पोकळी मोठी होत जाते. काही हाडे तर सुरुवातीला सुटी असतात आणि पुढे एकमेकांशी जुळून एक होतात. हंसाच्या पंजावरचा जो उभा दांडा आपल्याला पाय म्हणून दिसतो, तो अशाच अनेक सुट्या हाडांच्या जोडणीतून तयार झालेला असतो. पिल्लाच्या पायात ही जोडणी अपुरी असते, प्रौढाच्या पायात पूर्ण झालेली असते. ही बाब किरकोळ वाटली तरी पुढे एका मोठ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी तिचा उपयोग झाला आहे.

सगळी हाडे एकाच वेळी वाढत नाहीत. आधी पाय, मग पंख, असा क्रम असतो. मांडीचे आणि नडगीचे हाड सात-आठ आठवड्यांत जवळजवळ पूर्ण लांबी गाठते. पंखांची हाडे सुरुवातीला मागे रेंगाळतात आणि नंतर झपाट्याने लांब होतात. छातीचे हाड तर सर्वांत शेवटी कठीण होते. उडण्याचे मोठे स्नायू ज्याला चिकटलेले असतात ते हे नौकेच्या कण्यासारखे हाड. त्याचे मागचे टोक बरेच आठवडे लवचीक राहते. कोवळा पक्षी ओळखण्यासाठी जुने जाणकार खरेदीदार हे टोक अंगठ्याने दाबून पाहतात. या क्रमामागचे कारण उघड आहे. जमिनीवर आणि पाण्यात राहणाऱ्या पिल्लाला पहिल्या दिवसापासून धावता आणि पोहता आले पाहिजे. उडण्याची गरज त्याला पुढे पडते.

मात्र या क्रमातच पिल्लाच्या दृष्टीने मोठा धोका आहे. चौथ्या ते आठव्या आठवड्यांच्या दरम्यान पंखांवर मोठी पिसे फुटू लागतात. वाढत्या पिसाच्या देठात रक्त असते, त्यामुळे ते जड असते. पंखाच्या मनगटाचा सांधा आणि त्याभोवतीचे स्नायू अजून कोवळे असतात. अशा वेळी पिल्लाला धान्य आणि प्रथिनयुक्त खाद्य अतोनात मिळाले, तर पिसे आणि वजन वेगाने वाढते आणि सांध्याला तो भार पेलत नाही. पंखाचे टोक बाहेरच्या बाजूला पिळवटते आणि शरीरापासून काटकोनात उभे राहते. हाडे एकदा त्या स्थितीत पक्की झाली की पक्षी जन्मभर तसाच राहतो. हे उपासमारीने घडत नाही, बहुधा लाडाने घडते. उद्यानातील तळ्यांवर येणारे लोक हंसांना पावाचे तुकडे घालतात. त्यांना दुखापत करण्याचा कोणाचाही हेतू नसतो. दोष वेळीच लक्षात आला तर उपाय साधा आहे. पंख नैसर्गिक घडीत मिटवून मऊ चिकटपट्टीने काही दिवस हलकेच बांधून ठेवावा, धान्य कमी करावे आणि पिल्लाला हिरव्या गवतावर मोकळे सोडावे. पहिले तीन-चार आठवडे खाद्यात सुमारे २० टक्के प्रथिने आणि त्यानंतर सुमारे १५ टक्के, हे प्रमाण पिल्लांना पुरेसे असते.

पायांचे दुखणे निराळ्या कारणांनी येते. हंसाच्या पिल्लाला नायसिन या जीवनसत्त्वाची गरज कोंबडीच्या पिल्लापेक्षा जवळजवळ दुप्पट असते. केवळ कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य दिले तर ती भागत नाही. पाय धनुष्यासारखे वाकतात आणि घोट्याचा सांधा सुजतो. खाद्यात थोडे यीस्ट मिसळल्यास ही उणीव भरून निघते. मँगनीज कमी पडले तर टाचेवरचा स्नायुबंध जागेवरून घसरतो आणि पाय एका बाजूला वळतो. ड जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम-फॉस्फरसचे प्रमाण बिघडले तर मुडदूस होतो. म्हणून कॅल्शियम भरपूर द्यावे, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम इतके असते की ते कोवळ्या पिल्लांना दिल्यास त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते. गुळगुळीत फरशीवर ठेवलेल्या पिल्लांचे पाय घसरून फाकतात. त्यांच्या पायांखाली पेंढा किंवा खरखरीत गोणपाट असणे इष्ट.

आता नर आणि मादी यांच्याकडे वळू. अंड्यातून बाहेर येताना दोघांच्या वजनात लक्षात येण्याजोगा फरक नसतो. काही आठवड्यांनंतर मात्र नर पुढे जाऊ लागतो आणि दोन महिन्यांच्या सुमारास हे अंतर नजरेस येते. एम्डेन जातीचा पूर्ण वाढलेला उत्तम नर अकरा-बारा किलोपर्यंत भरतो, तर मादी नऊ किलोच्या आसपास असते. नराची हाडे लांब आणि जाड असतात, मान आणि डोके मोठे असते. मादीची वाढ सामान्यतः थोडी आधी पूर्ण होते. असे असले तरी हाडांच्या आकारात फरक नसतो, असतो तो मापात. त्यामुळे मोठी मादी आणि लहान नर यांत गफलत होते. बदकांचे तसे नाही. नर बदकाच्या श्वासनलिकेच्या तळाशी हाडाचा एक फुगीर कोश असतो, तो मादीत नसतो. हंसाच्या नरात असा कोश आढळत नाही. म्हणून पाळणाऱ्यांना आवाजावरून अंदाज घ्यावा लागतो. नराचा आवाज उंच आणि चिरका, मादीचा खालच्या पट्टीतला आणि घोगरा. अनुभवी माणूस पहिल्याच दिवसांत पिल्लाचा गुदमार्ग तपासून नर-मादी ओळखतो. पिलग्रिम नावाच्या जातीने मात्र हे काम सोपे केले आहे: तिच्यातील नर पांढरा आणि मादी करडी असते.

मादीच्या हाडांचे खरे वैशिष्ट्य बाहेरून दिसतच नाही. विणीचा हंगाम जवळ आला की स्त्रीसंप्रेरकांच्या प्रभावाखाली तिच्या पायांच्या लांब हाडांमधील पोकळीत एक नवेच, सच्छिद्र हाड तयार होऊ लागते. ते शरीराचा भार उचलण्यासाठी नसते. ती कॅल्शियमची तात्पुरती कोठी असते. या कोठीची आवश्यकता आकड्यांवरून ध्यानात येते. कोंबडीच्या एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. दीडशे ग्रॅम वजनाच्या हंसाच्या अंड्याच्या कवचात ते सुमारे सहा ग्रॅम असते. कवच घडते मुख्यतः रात्री, म्हणजे नेमके त्या वेळी, जेव्हा पक्षी चरत नसतो आणि आतड्यातून मिळणारा पुरवठा रोडावतो. तेव्हा ही कोठी उघडते. दिवसा ती पुन्हा भरावी लागते. खाद्यात चुना कमी असेल तर मादी अंडी घालणे लगेच थांबवत नाही. ती आपल्या मूळ हाडांतून कॅल्शियम काढू लागते आणि तिची हाडे ठिसूळ होतात. अंडी घालणाऱ्या माद्यांसमोर शिंपल्यांचा चुरा स्वतंत्र भांड्यात ठेवण्याची पद्धत आहे, ती याचसाठी. हंगाम संपला की हे आतले हाड नाहीसे होते. नरात ते निसर्गतः कधीच तयार होत नाही.

हाडातील हा साठा संशोधकांनाही उपयोगी पडला. उत्खननात सापडलेल्या पक्ष्याच्या हाडात तो आढळला, तर तो पक्षी मादी होता आणि विणीच्या काळात मेला, एवढे सांगता येते. २००५ साली मेरी श्वाइट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मोंटाना येथे मिळालेल्या टिरॅनोसॉरस या महाकाय डायनोसॉरच्या मांडीच्या हाडात तशाच ऊतीचा शोध लागल्याचे जाहीर केले. पडताळणीसाठी त्यांनी शहामृग आणि एमू यांच्या माद्यांची हाडे तुलनेला घेतली होती.

हाडांच्या अपूर्ण वाढीनेही एक मोठे कोडे सोडवण्यास मदत केली आहे. माणसाने हंस पाळायला केव्हा सुरुवात केली, हा तो प्रश्न. चीनच्या पूर्व भागातील तियानलुओशान या सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या, भातशेती करणाऱ्या लोकांच्या वस्तीत हंसांची दोनशेहून अधिक हाडे मिळाली. जंगली हंस त्या प्रदेशात केवळ हिवाळ्यात येतात. त्यांची वीण दूर उत्तरेकडे होते. मग ही हाडे शिकार केलेल्या पाहुण्या पक्ष्यांची की वस्तीत वाढलेल्या पक्ष्यांची? मासाकी एदा यांच्या गटाने पायाच्या हाडांची बारकाईने तपासणी केली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, त्यांतील चार हाडे पूर्ण वाढलेली नव्हती. ती सोळा आठवड्यांहून कमी वयाच्या पिल्लांची होती आणि सर्वांत लहान पिल्लाला आठ आठवडेही झालेले नव्हते. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू उत्तरेतून हजारो किलोमीटर उडून तेथे येणे शक्य नव्हते, कारण त्या वयात त्याच्या पंखांची वाढच पुरी झालेली नसते. ते तेथेच, भातखाचरांच्या आसपास, अंड्यातून बाहेर पडलेले असले पाहिजे. काही हंसांच्या हाडांतील रासायनिक खुणांवरून त्यांच्या आहारात भाताचा मोठा वाटा असल्याचेही दिसून आले.