फर्माची सहावी संख्या

४२९४९६७२९७ ही संख्या वाचावयाची तर चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव असे म्हणावे लागते. दिसावयास ती इतर दहा अंकी संख्यांसारखीच आहे. परंतु एका थोर गणितज्ञाचे भाकीत तिच्यामुळे खोटे ठरले.

पिएर द फर्मा हा फ्रान्समधील तुलूझ येथे न्यायखात्यात अधिकारी होता. गणित हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग. २, त्याचा वर्ग ४, त्याचा वर्ग १६, याप्रमाणे वर्ग करीत जावे आणि प्रत्येकात १ मिळवावा, म्हणजे ३, ५, १७, २५७, ६५५३७ या संख्या मिळतात. या पाचही मूळ संख्या होत. म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः यांवाचून दुसऱ्या कशानेही त्यांना निःशेष भाग जात नाही. या क्रमातील प्रत्येक संख्या मूळच असली पाहिजे, असे फर्माने १६४० मध्ये पत्राने कळविले. सिद्धता मात्र त्याला सापडली नव्हती. क्रमातील सहावी संख्या ती हीच.

तिची परीक्षा सोपी नव्हती. तिचे वर्गमूळ सुमारे ६५५३६ आहे आणि तेथवर ६५४२ मूळ संख्या आहेत. त्या प्रत्येकीने भागून पाहावयाचे! १७२९ मध्ये गोल्डबाखने हा प्रश्न ऑयलरच्या कानावर घातला. १७३२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे पंचवीस वर्षांच्या ऑयलरने दाखवून दिले की, या संख्येस ६४१ ने भाग जातो आणि भागाकार ६७००४१७ येतो.

या संख्येचा मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच आलेला असतो, हे ऑयलरने पुढे सिद्धही केले. ६५, १२९, १९३ अशा त्या संख्या लिहीत गेल्यास त्यांतील मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ एवढ्याच निघतात. म्हणजे पाचव्याच प्रयत्नात उत्तर हाती येते.

कोणाही विद्यार्थ्यास हे पडताळून पाहता येईल. ६५५३६ ला ६४१ ने भागले असता बाकी १५४ उरते. आपली संख्या म्हणजे ६५५३६ चा वर्ग अधिक १. म्हणून १५४ चा वर्ग अधिक १ एवढेच तपासावयाचे. १५४ चा वर्ग २३७१६. त्यात १ मिळविला की २३७१७ होतात आणि ते ६४१ च्या बरोबर ३७ पट आहेत.

वस्तुतः ६४१ ही एकशे सोळावी मूळ संख्या होय. निव्वळ चिकाटीने भागत गेले असते तरी काही दिवसांत ती सापडली असती. फर्मासारख्या कसलेल्या गणितज्ञाच्या नजरेतून ती निसटावी, याचे नवल वाटते.

पहिल्या पाचांनंतर या क्रमात आजवर एकही मूळ संख्या आढळलेली नाही. एकविसावी संख्या ३१५६५३ अंकी आहे. ती मूळ नाही हे १९८७ मध्ये संगणकाने सिद्ध झाले. पण तिचा एकही विभाजक अद्याप कोणास सापडलेला नाही.