शिकारीची शेवटची तारीख

विस्कॉन्सिन राज्यात धनुष्यबाणानं हरणाची शिकार करायचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो आणि ६ जानेवारीच्या आसपासच्या रविवारी संपतो. काही काउंट्यांमध्ये तो आता जानेवारीअखेरपर्यंत वाढवलेला आहे. बंदुकीचा मुख्य हंगाम मात्र नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून, अवघ्या ९ दिवसांचा. धनुर्धाऱ्यांना जवळजवळ चार महिने मिळतात, आणि तरीही त्यांच्यातले बहुसंख्य शेवटच्या संध्याकाळी रिकाम्या हातानं मचाणावरून उतरतात.

इतके दिवस थंडीत बसून काही न मारता घरी येणाऱ्या माणसाला काय मिळतं, ह्यावर अमेरिकेत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती तारीख. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मिनिटाला बाण भात्यात परत जातो. समोर वीस पावलांवर हरीण उभं असलं तरी. त्या देशात आज हरीण आहे ते ह्या तारखेमुळे, असं माझं मत आहे. अशी तारीख नव्हती किंवा असून पाळली जात नव्हती, त्या काळात काय झालं ते पाहिलं की हे पटतं.

हे हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण. धोका जाणवला की ते शेपूट ताठ उभारतं आणि खालची पांढरीशुभ्र बाजू दाखवत पळतं. एकोणिसाव्या शतकात रेल्वे जंगलांच्या कडेपर्यंत पोचली आणि हरणाचं मांस शहरांतल्या बाजारात जाऊ लागलं. धंदेवाईक शिकारी कुत्री सोडत, रात्री दिवा दाखवून डोळे दिपवत, मिठाच्या चाटणापाशी दबा धरत. विस्कॉन्सिननं १८५१ मध्येच फेब्रुवारी ते जून हा बंदीचा काळ ठरवला होता, पण तो पाळायला लावणारं कोणी नव्हतं. १९०० च्या सुमाराला साऱ्या अमेरिकेत ह्या हरणांची संख्या तीन ते पाच लाखांवर आली, असा अंदाज आहे. अनेक राज्यांतून ते जवळजवळ नाहीसं झालं होतं.

मग एकेक कडी बसत गेली. १८९७ मध्ये विस्कॉन्सिननं माणशी दोन हरणांची मर्यादा घातली. १९०० च्या लेसी कायद्यानं बेकायदा मारलेली शिकार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला बंदी केली. रानातल्या हरणाचं मांस विकणं हळूहळू सगळीकडेच बेकायदा झालं, आणि माझ्या मते हाच सगळ्यांत मोठा घाव होता, कारण त्यानं शिकारीतला पैसा काढून घेतला. १९१५ मध्ये फक्त नर मारायचा नियम आला. १९२५ ते १९३५ ह्या काळात तर विस्कॉन्सिनमध्ये एकाआड एक वर्ष हंगामच उघडला नाही. आज देशभरातली संख्या सुमारे तीन कोटी मानली जाते.

धनुष्यबाण ह्या गोष्टीत उशिरा आला, आणि आला तो एका मोठ्या शोकांतिकेतून. १९११ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी, एकटा माणूस सापडला. ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीतला तो शेवटचा. त्याचे लोक आधीच्या काही दशकांत गोऱ्या वसाहतवाल्यांनी कत्तली करून संपवले होते. त्यानं स्वतःचं नाव सांगितलं नाही. मानववंशशास्त्रज्ञांनी त्याला इशी म्हणायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या वैद्यकीय विद्यालयातले शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप त्याचे डॉक्टर झाले आणि पुढं शिष्यही. इशी त्यांना जुनिपरच्या लाकडाचं धनुष्य घडवायला, त्याच्या पाठीवर स्नायूंचे तंतू चिकटवायला, ऑब्सिडियन ह्या ज्वालामुखी काचेचं पातं तासायला शिकवत असे. लांबच्या निशाणावर तो काही फार अचूक नव्हता. त्याची विद्या वेगळी होती: वीस-पंचवीस पावलांपर्यंत जाणं, तिथं दिसेनासं होणं, आणि हरीण बेसावध होईपर्यंत थांबणं. १९१६ च्या मार्चमध्ये क्षयानं तो गेला. पोप ह्यांनी १९२३ मध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं आणि ते वाचून अमेरिकेतली एक पिढी धनुष्याकडे वळली. आज लाखो अमेरिकन जो छंद जपतात, त्याच्या मुळाशी हा ऋणाचा धागा आहे. हंगाम संपल्यावर आठवणींत रमणाऱ्या शिकाऱ्यांनी इशीचं नाव आणखी मोठ्यानं घ्यायला हवं.

त्या पिढीत एक वनाधिकारी होता, आल्डो लिओपोल्ड. पुढं तो विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचा प्राध्यापक झाला. घरी स्वतः धनुष्यं घडवायचा. त्याची पत्नी एस्टेला राज्यातली विजेती तिरंदाज होती. १९३० मध्ये रसीन शहराच्या रॉय केस ह्यांनी विस्कॉन्सिनमध्ये कायदेशीर परवान्यावर बाणानं हरीण मारलं, आणि १९३४ मध्ये राज्यानं कोलंबिया आणि सॉक ह्या दोन काउंट्यांत केवळ धनुष्यबाणासाठी वेगळा हंगाम उघडला. आधुनिक अमेरिकेतला असा हा पहिला हंगाम मानतात.

वेगळा हंगाम द्यायला हरकत का नव्हती, ते बाणाचं गणित पाहिलं की कळतं. आजचं कंपाउंड धनुष्य, ज्याचं पेटंट मिसूरीच्या हॉलिस विल्बर ॲलन ह्यांना १९६९ मध्ये मिळालं, कप्प्यांच्या जोरावर बाण सेकंदाला सुमारे ३०० फूट वेगानं सोडतं. पूर्ण ताणल्यावर हातावर मूळ जोराच्या पाचव्या हिश्श्याइतकाच भार राहतो. तरीही बाण आवाजापेक्षा खूप हळू जातो. वीस यार्डांवरच्या हरणापर्यंत दोरीचा आवाज सेकंदाच्या विसाव्या भागात पोचतो आणि बाणाला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. मधल्या त्या क्षणात सावध हरीण पळण्यासाठी पाय दुमडून खाली बसकण घेतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. म्हणून जवळ जावं लागतं, वारा समोरून यावा लागतो, आणि हरणाची मान खाली असताना, पुढचा पाय पुढं असताना दोरी सोडावी लागते. रायफलवाला दोनशे यार्डांवरून जे करतो ते इथं अंगणाइतक्या अंतरात करायचं असतं. चार महिने मिळूनही हात रिकामे राहतात ते ह्यामुळे.

बाण लागल्यावरचं काम तर त्याहून कठीण. पातं धक्क्यानं मारत नाही, रक्तस्रावानं मारतं. फुप्फुसातून गेलेला बाण गुलाबी, फेसाळ रक्त दाखवतो. हरीण काही सेकंदांत पडतं, तरी शिकारी अर्धा तास जागचा हलत नाही. रक्त गडद लाल असेल तर यकृताला लागलं, चार-पाच तास थांबायचं. बाणावर हिरवट घाण आणि दर्प असेल तर पोटात लागलं. मग आठ-दहा तास, म्हणजे बहुधा रात्रभर. लगेच माग काढला तर जखमी जनावर उठून दूर जातं आणि कधीच सापडत नाही. मेरीलँडमधल्या एका नौदल तळावर नियंत्रित शिकारीच्या नोंदी ठेवल्या होत्या. तिथं बाण लागलेल्यांपैकी सुमारे १८ टक्के हरणं हाती आली नाहीत, आणि तिथले शिकारी तर प्रशिक्षण घेतलेले होते. हा आकडा मला अस्वस्थ करतो. तो मान्य न करता ह्या शिकारीचं गुणगान करणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. हंगाम संपल्यावरचं खरं चिंतन, माझ्या मते, न सोडलेल्या बाणांचं असायला हवं. अंधार पडत आला होता, फांदी आडवी होती, हरणाचे कान वळलेले होते, म्हणून दोरी सोडली नाही, असं सांगणारा शिकारी मला विजयाचं छायाचित्र दाखवणाऱ्यापेक्षा जास्त शहाणा वाटतो.

हंगाम जानेवारीत का संपतो, ह्याचं उत्तर हरणाच्या शरीरात आहे. आपलं चितळ वर्षभर केव्हाही माजावर येऊ शकतं. एकाच कळपात झडलेल्या, मखमली आणि पक्क्या शिंगांचे नर एकत्र दिसतात. उत्तरेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं वेळापत्रक मात्र दिवसाच्या लांबीनं बांधलेलं. दिवाळीच्या सुमाराला दिवस लहान होत गेला की नर अस्वस्थ होतात, खाणं सोडून माद्यांमागे फिरतात. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हा माज टिपेला पोचतो. त्यात नराचं वजन पाचव्या हिश्श्यानं घटू शकतं. साधारण दोनशे दिवसांनी, मेअखेर ते जूनमध्ये, पाडसं जन्मतात, तेव्हा नेमकं हिरवं गवत उगवलेलं असतं. जानेवारीत मादी गाभण असते आणि हरीण साठवलेल्या चरबीवर जगत असतं. चयापचय मंदावतो, ते कमी हलतं, दाट सूचिपर्णी झाडांखाली बर्फ चुकवून उभं राहतं. त्या दिवसांत त्याला पुन्हा पुन्हा पळायला लावणं म्हणजे वसंतापर्यंत पुरवायची शिदोरी लुटणं. शिवाय नरांची शिंगं डिसेंबरअखेरपासून गळायला लागतात. मग लांबून नर-मादी ओळखता येत नाही, आणि त्यावर आधारलेले परवान्याचे नियम मोडतात.

पैशाची बाजूही सांगायला हवी. १९३७ च्या पिटमन–रॉबर्ट्सन कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरचा उत्पादनकर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. १९७२ च्या दुरुस्तीनं धनुष्य आणि बाणांचं साहित्यही त्यात आलं. हा पैसा राज्यांना जमीन आणि परवानाधारकांच्या संख्येनुसार मिळतो. म्हणजे शिकारी कमी झाले की संरक्षणाची गंगाजळीही आटते, आणि ते कमी होत गेले. १९८२ मध्ये देशात सुमारे १.७ कोटी शिकारी होते, २०१६ च्या पाहणीत १.१५ कोटी.

लिओपोल्डनं दुसरं टोकही पाहिलं होतं. लांडगे संपले, नरच मारायचा नियम राहिला, आणि हरणं इतकी वाढली की हिवाळ्यात उपाशी मरू लागली. १९४३ मध्ये माद्याही मारायला परवानगी दिली गेली आणि त्यानं त्याला पाठिंबा दिला, तेव्हा विरोधकांनी त्या हंगामाला थेट गुन्हा ठरवलं. शास्त्राच्या बाजूनं बोलण्याची किंमत त्यानं आयुष्यभर मोजली.

राज्याची तारीख सगळ्यांची मात्र नाही. १८३७ आणि १८४२ च्या करारांत ओजिब्वे ह्या मूळनिवासी लोकांनी जमीन दिली, पण त्या जमिनीवर शिकार करायचा हक्क राखून ठेवला. राज्यानं तो दीर्घकाळ नाकारला. १९८३ मध्ये न्यायालयाच्या ‘व्हॉइट’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या निकालानं तो पुन्हा मान्य झाला, आणि आता त्यांचे हंगाम त्यांच्या स्वतःच्या संस्था ठरवतात. हा न्याय फार उशिरा झाला.

आपल्याकडेही शिकारीचा हंगाम होता. १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्यात परवाने होते, बंदीचा काळ होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंही परवान्याची वाट पूर्ण बंद केली नव्हती. ती १९९१ च्या दुरुस्तीनं केली. घनदाट वस्ती आणि उरलंसुरलं रान पाहता आपला निर्णय मला बरोबर वाटतो. अमेरिकेचा नमुना इथं आणावा असं मी म्हणणार नाही. पण तो समजून न घेता त्याला नुसती क्रूरता म्हणणंही चूक आहे.

तिथली आजची सगळ्यांत मोठी चिंता मात्र बंदूक किंवा बाण ही नाही. १९६७ मध्ये कोलोराडोत बंदिस्त ठेवलेल्या हरणांत एक झिजवणारा रोग दिसला: क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. तो प्रायॉन ह्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, मेंदू पोखरतो, त्यावर उपाय नाही, आणि ते प्रथिन मातीत वर्षानुवर्षं टिकतं. २००२ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधल्या माउंट होरेबजवळ मारलेल्या तीन हरणांत तो सापडला. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला तो पहिल्यांदाच दिसत होता. आता तो राज्यात दूरवर पसरला आहे. काही काउंट्यांत हंगाम जानेवारीअखेरपर्यंत ताणण्यामागे हेही एक कारण आहे. माणसाला ह्या रोगाची लागण झाल्याची खात्रीशीर नोंद आजवर नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नये, असं अमेरिकेच्या आरोग्ययंत्रणेचं सांगणं आहे. विस्कॉन्सिनमध्ये शिकाऱ्यांनी हरणाचं डोकं ठरलेल्या पेटीत आणून टाकलं की लसिकाग्रंथींची तपासणी फुकट होते.

विस्कॉन्सिन, मिशिगन, इलिनॉय, मिनेसोटा ह्या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना म्हणून एक विनंती. जानेवारीत शेजारी प्रेमानं हरणाच्या मांसाचा डबा आणून देईल, तेव्हा संकोच न करता विचारा की तपासणीचा निकाल आला आहे का. प्रामाणिक शिकारी त्याचा राग मानत नाही. आणि नोव्हेंबरात पहाटे किंवा तिन्हीसांजेला गाडी चालवत असाल आणि एक हरीण रस्ता ओलांडताना दिसलं, तर वेग कमी करून थांबा. मागून दुसरं बहुधा येतच असतं.