थिनरला मूर्ती कळत नाही

“रेझिनची आहे ना? मग घाबरताय कशाला! रात्रभर थिनरमध्ये टाकून ठेवा, सकाळी ब्रश फिरवला की मूर्ती कोरी करकरीत.”

जुनी रेझिनची मूर्ती पुन्हा रंगवायला काढली की हा सल्ला देणारं कुणीतरी भेटतंच. हार्डवेअरवाला देतो, गाड्यांना डुको मारणारा देतो, अनेक वर्षं संग्रह करणारेही छातीठोकपणे देतात. शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा असो की परदेशातून मागवलेला महागडा सुपरहिरो, औषध एकच. ते चुकीचं आहे आणि कितीही वेळा सांगितलं तरी फिरून फिरून कानावर येतं.

मूर्ती हातात घेतली की जड आणि थंड लागते, टिचकी मारली तर दगडासारखी वाजते. म्हणून ती दगडाइतकीच चिवट असणार, असं वाटतं. प्रत्यक्षात ‘पॉलिस्टोन’ नावाने विकला जाणारा माल म्हणजे पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर रेझिन आणि त्यात कालवलेली दगडाची भुकटी, बहुधा कॅल्शियम कार्बोनेट. वजन भुकटीचं असतं. तिला धरून ठेवणारं प्लास्टिकच असतं, आणि थिनर नेमका त्यालाच भिडतो.

सल्ला देणारे म्हणतात, “पण आमची मूर्ती विरघळली नाही!” बरोबर आहे. घट्ट झालेल्या रेझिनच्या साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी बांधलेल्या असतात, त्यामुळे थर्माकोल जसा ॲसिटोनमध्ये बघता बघता नाहीसा होतो तसं रेझिनचं होत नाही. पण विरघळलं नाही म्हणजे काही झालं नाही, असं नव्हे. द्रावक त्या जाळ्यात शिरतो, रेझिन फुगतं आणि मऊ पडतं. पापणी, मोत्यांची माळ, जिरेटोपाचा तुरा असे बारीक भाग आधी ढिले होतात आणि सकाळच्या त्या ब्रशाखाली कायमचे पुसले जातात. पृष्ठभाग चिकट होतो, भुकटी सुटून पांढुरका थर दिसू लागतो. मूर्ती आतून पोकळ असेल तर द्रावक आतच कोंडतो, पुढे हळूहळू बाहेर येतो आणि नव्या रंगाला फोड आणतो. मग दोष रंगाच्या कंपनीला!

मूळ अडचण अशी की रंगसुद्धा प्लास्टिकच आहे. वरचा दोन घटकांचा क्लिअर कोट पुष्कळदा पॉलियुरेथेनचा असतो, खालची मूर्तीही पॉलियुरेथेनची. इथपर्यंत रंग आणि इथून पुढे मूर्ती, हे थिनरला कोण सांगणार? कोणता द्रावक कोणत्या पॉलिमरमध्ये शिरेल हे दोघांच्या रासायनिक जवळिकीवर ठरतं. चार्ल्स हॅन्सन यांनी 1967 च्या प्रबंधात ही जवळीक आकड्यांत मांडली आणि रंगउद्योग आजही ते आकडे वापरतो. थिनर किती ‘कडक’ आहे, याला इथे फारसा अर्थ नाही.

त्यातून सुटा मिळणारा एनसी थिनर म्हणजे टोल्युइन, ॲसिटोन, एस्टर, अल्कोहोल यांचं मिश्रण, आणि त्याचं प्रमाण सगळीकडे सारखं नसतं. त्यामुळे शेजाऱ्याच्या मूर्तीला काही झालं नाही, हा तुमच्या मूर्तीसाठी पुरावा ठरत नाही. शिवाय अख्खी मूर्ती एकाच पदार्थाची असेलच असं नाही. केस पीव्हीसीचे असू शकतात, पारदर्शक भाग ॲक्रिलिकचे, आणि सांधे फेविक्विकच्या जातीच्या गोंदाने जोडलेले. हा गोंद ॲसिटोनमध्ये सुटतो.

मग करायचं काय? बहुतेक मूर्तींवरचा रंग ॲक्रिलिक असतो आणि तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ पडतो. घट्ट झालेलं रेझिन या अल्कोहोलचा थोडा वेळचा संपर्क सहसा सोसतं. आधी बैठकीच्या खालच्या बाजूला इअरबडने लावा, पुसा आणि एक दिवस थांबा. जागा चिकट किंवा पांढरी झाली नाही, तरच पुढे जा. मूर्ती बुडवू नका. थोडा थोडा भाग कापसाने ओला करा, मऊ टूथब्रशने घासा, लगेच पुसा. खाचेत अडकलेला रंग लाकडी काडीने काढा. जिथे निघत नाही तिथे सोडून द्या, प्राइमर त्याला झाकतो.

आता बाकीचे गैरसमज थोडक्यात.

ॲसिटोन नसलेला नेलपॉलिश रिमूव्हर चालतो: त्यात बहुधा इथाइल ॲसिटेट असतं. तेही प्लास्टिकवर चाल करतंच.

टॉयलेट क्लीनरने रंग निघतो: त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल कॅल्शियम कार्बोनेटला खातं. फेस येतो तो मूर्तीचा.

कॉस्टिक सोडा निरुपद्रवी आहे: पॉलिएस्टर रेझिनचे एस्टर बंध तो तोडतो.

उकळतं पाणी किंवा हीट गन बरी: वाकडी झालेली रेझिनची तलवार हौशी लोक गरम पाण्यात धरूनच सरळ करतात. म्हणजे मूर्तीचं काय होईल ते समजा.

बाजारातला पेंट रिमूव्हर बिनधास्त वापरावा: डबीवर मिथिलीन क्लोराइड लिहिलं असेल तर परत ठेवा. शरीरात त्याचं कार्बन मोनॉक्साइड तयार होतं. असे रिमूव्हर सामान्य ग्राहकांना विकायला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2019 मध्ये बंदी घातली.

एन-95 मास्क पुरतो: तो पॉलिश पेपरने घासताना उडणारी धूळ अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो.

खिडकी उघडली की झालं: ॲसिटोनची वाफ उणे 20 अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि ती जमिनीलगत पसरते. अल्कोहोलही ज्वालाग्राहीच आहे. समई, उदबत्ती, गॅस यांच्यापासून हे काम लांब हवं.

आणि शेवटचा गैरसमज, ज्यामुळे हा सगळा उपद्व्याप सुरू होतो: नवा रंग द्यायचा तर जुना पूर्ण काढलाच पाहिजे. नाही. जुन्या रंगावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. रंग सोबत आला नाही तर साबणाच्या पाण्याने मूर्ती धुवा, बारीक पॉलिश पेपर ओला करून हलका फिरवा, प्राइमर द्या आणि रंगवायला बसा. पोपडे निघत असतील किंवा रंगाच्या थरांखाली नक्षी बुजली असेल, तेवढ्याच जागी रंग काढा. मर्यादित आवृत्तीची मूर्ती असेल तर आणखी एकदा विचार करा. कारखान्यातला मूळ रंग एकदा गेला की तो कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.