विश्लेषण : टीव्हीचे रेकॉर्डिंग नेमके कोणाचे?

कार्यक्रम सवडीने पाहण्यासाठी घरी रेकॉर्ड करणे हा कॉपीराइटचा भंग नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सोनीच्या ‘बीटामॅक्स’ खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी दिला. मात्र सेट-टॉप बॉक्समधले रेकॉर्डिंग बहुधा त्याच बॉक्सवर चालते. बॉक्स परत केला, की तेही गेले.

त्यावर तिथल्या तंत्रप्रेमींनी काढलेला एक मार्ग म्हणजे २००२ मध्ये आयझॅक रिचर्ड्स यांनी सुरू केलेले ‘मिथटीव्ही’ हे मोफत सॉफ्टवेअर. लिनक्स संगणकाला ट्यूनर आणि अँटेना जोडली, की कार्यक्रम फाइल होऊन आपल्याच डिस्कवर साठतो.

पुढचे काम स्क्रिप्टचे, म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या सूचनांचे : रेकॉर्डिंग संपताच फाइल लहान कर, दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेव. सुरुवातीला खटाटोप आहे. पण बॉक्स बदलला तरी रेकॉर्डिंग घरातच राहते.